टॉवेलला खळ

माझ्या सुनेच्या वॉशिंग मशीनशेजारी एक जांभळी बाटली असते, कपडे मऊ करायच्या औषधाची. टॉवेलच्या फेरीत ती त्या बाटलीचं टोपण भरायला गेली, की मी घरात जिथे असेन तिथून ओरडते, "टॉवेलला नको गं, बाई!" नातू म्हणतो, आजीला टॉवेलचा सीसीटीव्ही बसवलाय. म्हणू दे. त्या बाटलीतलं तेलकट पाणी धाग्यांवर जाऊन बसतं, टॉवेल हाताला गुळगुळीत लागतो, आणि अंगावरचं पाणी टिपायचं सोडून नुसतं इकडून तिकडे फिरवतो. टॉवेल मऊही हवा आणि पाणी पिणाराही हवा. हे ज्ञान मला कुठल्या पुस्तकातून मिळालेलं नाही. ते मिळवताना आमच्या घराने एक अख्खा हिवाळा पालथा घातला होता, आणि त्यातला शेवटचा रविवार आठवला की आजही माझ्या छातीत धडधडतं. गुडघे कुरकुरत असले तरी त्या दिवसाबद्दल सांगायला मी उभी राहते. घरातल्यांना तो तोंडपाठ झालाय, म्हणून आता कागदावर सांगते.

गिरगावातली खोली विकून आम्ही मीरा रोडला आलो तेव्हा आमच्या घरात टॉवेल नावाची वस्तूच नव्हती. बाबा पंचा वापरायचे. आई तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा वापरायची, आणि मला नि माझ्या केसांना मिळून एक चौकटीचा रुमाल होता. नव्या घरात एक हॉल, एक किचन आणि एक गॅलरी. गॅलरीत उभं राहिलं की समोर मिठागरं दिसायची, पांढरे ढीग उन्हात चकचकत असायचे आणि दुपारनंतर खाडीकडून असा वारा सुटायचा की दोरीवरचे कपडे चिमट्यांसकट शेजारच्या बिल्डिंगमध्ये जायचे. जागा मोठी, हवा छान, फक्त पाण्याच्या नावाने शिमगा. नळाला यायचं ते बोअरिंगचं पाणी. साबण घासघास घासला तरी फेस येत नसे, तुरीची डाळ तासभर उकळूनही दाणा न् दाणा वेगळा राहायचा, आणि बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढायची. नगरपालिकेचं गोडं पाणी दुपारी थोडा वेळ करंगळीएवढ्या धारेने येई, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. सकाळ व्हायची ती पंपाच्या घरघरीने आणि बायकांच्या आरोळ्यांनी, "टँकर आया क्या?" आईने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं, "या गावात माणूस जगेल, पण माझं कुळथाचं पिठलं जगायचं नाही."

त्या घरात विजूआत्या आली. बाबांची धाकटी बहीण. वय बत्तिशीच्या आसपास, उंच, हडकुळी, हसली की अख्खी हसायची. आजीच्या आजारपणात गावाला रत्नागिरीकडे तिची सेवा करता करता हिच्या लग्नाचं वय उलटून गेलं आणि आजी गेल्यावर हिचं काय करायचं हा प्रश्न मोठ्या काकांना पडला. स्वतः तिला तो प्रश्न पडलेला नव्हता. तिने दादरला एका बाईंकडे ब्युटी पार्लरचा कोर्स केला, कोर्सभर माझ्या भुवयांचे हाल केले, आणि मग एके दिवशी बाबांसमोर उभी राहून म्हणाली, "भाऊ, मला गॅलरी दे. मी पार्लर काढतेय." बाबा साधे माणूस. मोठ्या भावासमोर मान वर करून बोलायची त्यांना सवय नव्हती. तिकडे काकांनी पनवेलचं एक स्थळ हेरून ठेवलेलं होतं, बिजवर, दोन मुलं, स्वतःचं घर. "किती दिवस धाकट्या भावाच्या घरात पाहुणी म्हणून राहणार ती?" हे त्यांचं वाक्य. बाबांनी मधला मार्ग काढला. आत्याला म्हणाले, "तुझं पार्लर चालायला लागलं ना, तर मी दादाशी बोलेन. पण ते चाललं पाहिजे, विजू. नाही चाललं तर मी कुठल्या तोंडाने बोलू?" म्हणजे गॅलरीत चार बायका आल्या तर आत्या राहणार, नाही आल्या तर पनवेलला जाणार. विजूआत्या गेली तर त्या घरात मोठ्याने हसणार कोण?

गॅलरीला पडदा लागला, एका बंद पडलेल्या सलूनची फिरती खुर्ची आली, आरसा आला आणि डझनभर पांढरे टर्किश टॉवेल आले. नवे होते तेव्हा काय सुरेख होते! मी एक डोक्यावर घेऊन घरभर फिरले. पण दोनदा आईच्या हातून बोअरिंगच्या पाण्यात धुऊन निघाल्यावर ते असे झाले, की दोरीवरून काढले तरी हवेत तसेच आडवे राहावेत. उभे केले तर भिंतीला टेकून उभे राहतील असे. आणि नेमकं त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या जसुबेन फेशियलला आल्या. जसुबेन म्हणजे आमच्या बिल्डिंगचं रेडिओ स्टेशन. त्या बोलल्या की तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळायचं. आत्याने त्यांचा चेहरा असा काही चोळला की त्या घोरायला लागल्या. मग तिने गरम पाण्यात पिळलेला टॉवेल चेहऱ्यावर ठेवून पुसायला घेतला, आणि जसुबेन ताडकन उठून बसल्या.

"अरे विजुबेन! हाथ तो तुम्हारा एकदम माखण! पण आ टुवाल? टुवाल है के सेंडपेपर? मेरा तो गाल छिल गया!"

आत्याचा चेहरा पडला. जसुबेनचं मन मात्र मोठं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "देखो, मेरी हेतल की शादी है, ये सीझन में. भाईंदर में हॉल लिया है. उसकी चमडी तो इतनी नाजुक के पूछो मत. तुम टुवाल सुधारो, तो दुल्हन तुम्हारी. नहीं तो मैं मलाड से किसी को बुलाऊंगी." आणि त्या गेल्या. आत्या दाराला पाठ लावून उभी राहिली. तिचे डोळे असे लुकलुकत होते की मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "बेबी, बिल्डिंगमधली पहिली नवरी! नुसत्या टॉवेलवर अडलंय!"

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला आई 'धोबीघाट' म्हणायची. मी अकरावी सायन्सला होते, आणि कठीण पाण्यात साबण फेस का देत नाही हे मला नुकतंच शिकवलेलं होतं. त्यामुळे माझा रुबाब विचारू नका. मी आत्याला सांगितलं की फेस येत नाही म्हणून आई दर वेळी पावडर वाढवते, ती पावडर आणि पाण्यातला क्षार मिळून धाग्यात जाऊन बसतात आणि टॉवेलची पार पाटी होते. आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. "म्हणजे माझ्या धुण्यात खोट आहे?" "नाही वहिनी," आत्या म्हणाली, "पाण्यात आहे." "पाणी तर सगळ्यांच्या घरी तेच आहे, वन्सं!" हे मात्र खरं होतं, आणि बिल्डिंगमधल्या सगळ्यांचेच टॉवेल कडक होते. फक्त त्यांना कुणी नवरीचा चेहरा पुसायला सांगितलेलं नव्हतं.

आम्ही पावडर निम्म्यावर आणली. थोडा फरक पडला. शेवटचं पाणी गोडं वापरलं, म्हणजे प्यायच्या पाण्यातून चोरलं. आणखी फरक पडला. पण आत बसलेला क्षार निघेना. बादलीची पुटं आई आंबट लावून काढते हे आत्याच्या लक्षात होतं, म्हणून तिने लिंबू पिळलं. डझनभर टॉवेलना किती लिंबं लागणार? मग तिला सुचलं आमसूल. आमच्या कोकणातल्या माणसाला आंबट म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. रात्रभर आमसुलाच्या पाण्यात बुडवलेला टॉवेल सकाळी असा काही गुलाबी होऊन निघाला की बाबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "सोलकढी केलीस काय गं विजू, टॉवेलची?" आत्या इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. तो गुलाबी टॉवेल पुढे कितीतरी वर्षं माझ्याकडे होता.

शेवटी अडलेलं सोडवलं मेरीमावशीच्या टोपलीने. मेरीमावशी भाईंदरजवळच्या डोंगरीहून मासळी घेऊन यायची. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी मंडळी शाकाहारी, म्हणून ती वर येत नसे. फाटकाबाहेर बसूनच हाक मारायची आणि आई पिशवी घेऊन खाली धावायची. त्या दिवशी आत्याही गेली आणि बोलता बोलता तिने विचारलं, की मावशी, तुमच्याकडे आंबट म्हणून काय वापरतात? मावशी म्हणाली, "आमच्यात सिरका असतंय की. ताडीचा. घरात बरणी भरून हाय. पण टावेलाला? टावेलाला कोन घालतंय गो, यडी हाय का काय तू!" दोन दिवसांनी तिने त्या सिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणून दिली, वर बजावलं, "वास आला तर माज्या नावानं बोंबलू नको. मला काय म्हाईत न्हाय." वास आला. धुतल्यावर अख्ख्या घराला लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखं वाटत होतं. आई नाकाला पदर लावून फिरली. पण टॉवेल वाळले तसा वास उडून गेला, आणि क्षारही गेला.

तरी एक गोष्ट राहिली होती आणि ती माझ्या हातून सापडली, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. मला राग आला होता कशाचा तरी, बहुतेक आईने सिनेमाला नाही म्हटलं होतं. त्या रागात मी ओला टॉवेल दोरीवर घालण्याआधी दोन्ही टोकं धरून असा झटकला की फट् करून आवाज झाला आणि तुषार उडाले. मला त्या आवाजाने बरं वाटलं, म्हणून पुन्हा झटकला. पुन्हा. राग जाईपर्यंत झटकला. संध्याकाळी दोरीवरून कपडे काढताना आत्या ओरडली, "बेबी! हा कुठला? हा कसा धुतलास?" तो बाकीच्यांसारखाच धुतला होता. पण त्याच्या धाग्यांची बारीक बारीक वेटोळी सगळी उभी राहिली होती, आणि हात ठेवला तर बोटं आत जात होती. मग आम्हाला समजलं. ओला असताना झटकायचा, वाळल्यावर झटकायचा, रणरणत्या उन्हात करपवायचा नाही, वाऱ्यावर वाळवायचा, आणि इस्त्री तर अजिबात फिरवायची नाही. त्या संध्याकाळी आम्ही तो टॉवेल घरभर फिरवला. आईने गालाला लावला आणि परत द्यायला जरा वेळ लावला. बाबांनी अंघोळीला पंचा सोडून तोच नेला आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. आत्या बाथरूमच्या दारावर थापा मारत होती, "भाऊ, तो पार्लरचा आहे!" मला आठवतं, मला तेव्हा उडी मारावीशी वाटत होती, आणि मी मारलीही. खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

जसुबेन खाली आल्या, त्यांनी टॉवेल गालावर ठेवला, डोळे मिटले, आणि तिथेच ठरलं. हेतलचं सगळं विजुबेन करणार. मलाड रद्द!

आता आईबद्दल सांगते, कारण पुढे जे झालं ते तिच्याशिवाय समजायचं नाही. आईला पार्लर सुरुवातीला पसंत नव्हतं. परक्या बायका घरात येणार, आपल्या हॉलमध्ये केस पडणार. पण काकांचा निरोप आला आणि तिचं मन पालटलं. वाण्याच्या दुकानातल्या फोनवर काकांनी बाबांना कळवलं, की रविवारी चार वाजता पनवेलच्या गृहस्थांना घेऊन येतोय, घरी सांगून ठेव. तो रविवार म्हणजे नेमका हेतलच्या लग्नाचा दिवस, मुहूर्त रात्रीचा. बाबा "बरं, दादा" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? घरी येऊन म्हणाले, "विजू, नवरी सकाळी येईल ना? चारच्या आत सगळं आवरून ठेव." आत्या "हो" म्हणाली आणि गॅलरीत जाऊन खुर्ची पुसत बसली, पुसलेलीच पुन्हा पुसत बसली. आईने ते पाहिलं. रात्री भाकऱ्या थापताना ती मला म्हणाली, "तिकडे दोन पोरांचं करत राहील नि हसायची विसरेल ही." मग एकदम, "ह्या जसुबेनचं काम असं झालं पाहिजे, की बघत राहतील सगळे!"

आईच्या मनात एखादं काम झकास व्हावं असं आलं, की तिचे हात एकाच गोष्टीकडे जायचे. खळ! गिरगावात आमच्या मजल्यावर आईच्या खळीचा दबदबा होता. साबुदाणा शिजवून, फडक्यातून गाळून, हव्या त्या बेताने पाणी घालून ती अशी खळ करायची, की तिची साडी चालताना कुरकुर वाजायची आणि घडी मोडली तरी मोडल्यासारखी दिसायची नाही. शेजारच्या बायका लग्नकार्याआधी आपल्या साड्या आमच्याकडे आणून द्यायच्या. स्वच्छतेची, मानाची, थाटाची तिची व्याख्या एकच होती, कडक. शनिवारी दुपारी आत्या आणि मी मेंदीचे कोन, गजरे आणि टिकल्या आणायला भाईंदरच्या बाजारात गेलो होतो. परत आलो तेव्हा आई नुसती गालात हसत होती. पार्लरचं कपाट बंद होतं. आम्ही दमून झोपलो.

रविवारी सकाळी आत्याने कपाट उघडलं. आत अकरा टॉवेल. पांढरेशुभ्र, इस्त्रीचे, धारदार घडीचे, दुकानातल्या कोऱ्या कागदांच्या थप्पीसारखे. आत्याने वरचा उचलला. तो घडीसकट, तसाच उचलला गेला.

"वहिनी," आत्या हळूच म्हणाली, "हे काय आहे?"

"खळ घातली!" आईचा चेहरा नुसता फुलला होता. "साबुदाण्याची. इस्त्री पण मीच केली, लाँड्रीत नाही दिली. म्हटलं, नवरीला पहिल्यांदा आपल्याकडे पाठवतायत, तर टॉवेल कसे कडक पाहिजेत!"

आत्याने त्यातला एक गरम पाण्यात बुडवला आणि पिळला. तिच्या बोटांवरून पेजेसारखं बुळबुळीत पाणी ओघळलं. हेतलचा चेहरा पुसायच्या टॉवेलमधून! मी आईकडे बघितलं. तिला समजायला एक क्षण लागला. इतके दिवस आम्ही घरभर मऊ मऊ करत नाचत होतो, तिने स्वतः तो टॉवेल गालाला लावला होता, आणि तरी तिच्या हातांनी आयुष्यभराची सवयच केली होती. तिचा चेहरा असा पडला की मला तिच्याकडे बघवेना. "अगं बाई," ती म्हणाली, "अगं बाई, मी काय करून बसले! अकराला येणार ना गं ती?" आणि खाली बसून पदर डोळ्यांना लावला. बाबा पेपर हातात घेऊन दारात उभे. आत्याने एकदा त्या अकरा टॉवेलकडे बघितलं, एकदा आईकडे, आणि ती हसली. खरंच हसली, तिचं ते अख्खं हसू. आईच्या खांद्याला धरून तिने तिला उठवलं. "वहिनी, रडायला दुपारी बसू, दोघी मिळून. आत्ता पाणी तापत ठेवा. भाऊ, बादल्या! बेबी, सिरका किती उरलाय बघ!"

सिरका होता. गरम पाण्याने खळ निघेल हे आईच सांगत होती, कारण खळ चढवायची कशी नि उतरवायची कशी हे तिच्याइतकं कुणाला माहीत? पण गोडं पाणी कुठून आणायचं? नळ दुपारी येणार. आणि शेवटचं पाणी बोअरिंगचं वापरलं तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तेवढ्यात खाली भोंगा वाजला. लग्नघरासाठी जसुबेननी गोड्या पाण्याचा अख्खा टँकर मागवला होता. मी चप्पल न घालता जिने उतरले. जसुबेन झोपेतून उठून केस बांधत पाइपाशी उभ्या होत्या. मी धापा टाकत जे घडलं ते सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्या आधी डोक्याला हात लावून म्हणाल्या, "हाय हाय, खार?" म्हणजे त्यांना आधी मीठ घातलंय असं वाटलं. मी त्यांच्या साडीला हात लावून ती कडक कशी करतात ते दाखवलं तेव्हा त्या मोठ्याने ओरडल्या, "स्टार्च! टुवाल में स्टार्च!" मला वाटलं, झालं, आता मलाड. पण त्यांनी हाताने इशारा केला. "खडी क्यूं है? बाल्टी ला! मेरी लडकी के मोढे का, चेहरे का सवाल है!" आणि वर तोंड करून लग्नाला आलेल्या सगळ्या बहिणी, भाच्या, नणंदांना हाका मारल्या.

पुढचे काही तास मी आयुष्यात विसरणार नाही. आई खाली मोरीत गरम पाण्यात टॉवेल खळबळवत होती, बाबा बादल्या जिन्यावरून वर नेत होते, आत्या शेवटच्या पाण्यात सिरका मोजून घालत होती, आणि गच्चीवर आम्ही. हेतलच्या मावशा, मामेबहिणी, मी, एवढंच काय, हातभर मेंदी लावलेली हेतल बाजूला उभी राहून हुकूम सोडत होती. दोघी दोघींनी टॉवेल धरायचा, एकदम पिळायचा, आणि मग झटकायचा. फट्! मिठागरांवरून सकाळचा कोरडा वारा येत होता. फट्! कुणीतरी टाळीचा ठेका धरला आणि त्यावर सगळ्यांचे हात एकदम वर जायला लागले. तुषार उन्हात उडत होते, मेंदीचा आणि सिरक्याचा वास मिसळला होता, एक मावशी नाक दाबून म्हणत होती, "आमां तो अथाणा नी सुगंध छे!" लोणच्याचा सुगंध म्हणे, आणि तरी झटकत होती. पलीकडच्या बिल्डिंगच्या खिडक्यांत माणसं जमली. एका काकूंनी विचारलं, "क्या हो रहा है?" हेतल ओरडली, "मेरा टॉवेल सूख रहा है!" त्या बिल्डिंगमधून टाळ्या पडल्या. मी झटकता झटकता रडत होते आणि हसत होते, आणि मला वाटत होतं की हे टॉवेल वाळले तर जगात काहीही होऊ शकतं.

वाळले! अकराला नाही, एकलाही नाही, दीड वाजला. शेवटचे दोन तर जसुबेनच्या हॉलमधल्या पंख्याखाली धरून पुरे केले. मग हेतल खुर्चीत बसली. आत्याने गरम टॉवेल तिच्या चेहऱ्यावर ठेवला, हलकेच दाबला, आणि उचलला. खालून गुलाबी, चमकती, ओरखडा नसलेली हेतल बाहेर आली. ती डोळे न उघडता म्हणाली, "मम्मी, आ तो रू जेवुं छे." कापसासारखा. एवढं ऐकायची खोटी, बाकीच्या सगळ्या उठल्या. मावशीला फेशियल हवं, मामीला हवं, भाच्यांना केस धुऊन हवेत. "दीदी, मेरा भी!" "विजुबेन, मैं पहले!" जिथे पनवेलच्या पाहुण्यांसाठी सतरंजी घालायची होती त्या हॉलमध्ये डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या बायका मांडी घालून बसल्या, आणि दाराबाहेर पॅसेजमध्ये चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला. आई चहावर चहा ठेवत होती. घड्याळाकडे एकट्या बाबांचं लक्ष होतं.

चार वाजता काका आले. पांढरं धोतर, काळी टोपी, सोबत पनवेलचे गृहस्थ, हातात पेढ्यांचा पुडा. तीन जिने चढून दोघे घामाघूम झाले होते. दार उघडं होतं, पण पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आत एवढ्या ओल्या केसांच्या बायका बघून गृहस्थ लाजून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बाबा चपला ओलांडत बाहेर गेले. मी दाराच्या आड होते.

"हे काय चाललंय?" काका म्हणाले. "विजूला बोलाव. पाहुणे आलेत."

"दादा, ती जरा..." बाबांचं वाक्य तिथेच अडलं. मला त्यांच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. बोला ना बाबा, चाललं ना तिचं, बघताय ना!

आत्या स्वतःच बाहेर आली. खांद्यावर टॉवेल, कोपरापर्यंत क्रीम. गृहस्थ चांगले होते, हे म्हणायला हवं. तेच नम्रपणे म्हणाले, "बाई कामात दिसतात. आम्ही थांबू की थोडा वेळ."

"नका थांबू," आत्या म्हणाली. आवाज कापत होता, पण मान खाली नव्हती. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, मला वाईट वाटतं. पण मला लग्न करायचं नाही. दादा, मला इथेच राहायचंय, आणि हे काम करायचंय. राग आला तर मला बोल, भाऊला नको बोलूस." आतून कुणीतरी हाक मारली आणि ती वळून आत गेली.

काका तसेच उभे. कपाळावरून घाम ओघळत होता, तोंड रागाने लाल झालं होतं. तेवढ्यात आई बाहेर आली. काकांसमोर कधी उंबरा न ओलांडलेली आई. "भाऊजी, घाम पुसा आधी," ती म्हणाली आणि तिने हातातला धुऊन वाळलेला टॉवेल पुढे केला. काकांनी तो हिसकावल्यासारखा घेतला, तोंडावर दाबला, कपाळ पुसलं, मान पुसली. मग पुन्हा तोंड पुसलं, या वेळी हळू. टॉवेल तोंडापासून दूर धरून त्यांनी तो बघितला आणि अंगठा त्याच्यावरून फिरवला.

"हा कुठला टॉवेल?" त्यांनी विचारलं.

"विजूचा आहे, दादा," बाबा म्हणाले, पॅसेजभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "तिच्या पार्लरचा. ती कुठेही जाणार नाही. मी तुला तेच सांगणार होतो."